भरताला काना

पोस्टकार्डावर पत्ता लिहायची सवय ज्यांच्या हाताला अजून आहे, त्यांना ही गोष्ट पटकन कळेल. 'मु. पो. आरवली, ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग.' लिहिताना आपण गावापासून निघतो आणि जिल्ह्यापाशी थांबतो. टपाल छाटणारा माणूस मात्र हा पत्ता उलटा वाचतो. मुंबईत बसलेल्या त्या माणसाला आरवली कुठे आहे, तिथे किती वाड्या आहेत, हे ठाऊक असायची गरजच नसते. सिंधुदुर्गाच्या थैलीत पत्र टाकलं की त्याचं काम संपलं. पुढचं पुढचे बघतील.

इंटरनेटवरचं प्रत्येक नाव असंच उलटं वाचलं जातं. मुंबईच्या आयआयटीचा पत्ता घ्या: आयआयटीबी डॉट एसी डॉट इन. तुम्ही तो टाइप करून बोट उचलता, तेव्हा तुमच्या वतीने एक यंत्र सगळ्यात वरच्या सर्व्हरला विचारतं, 'ही आयआयटी कुठे?' तो म्हणतो, 'आयआयटी मला माहीत नाही, पण इनवाल्यांचा पत्ता हा घे.' इनवाले म्हणतात, 'एसीवाल्यांना विचार.' एसीवाले, म्हणजे शैक्षणिक संस्थांची वही सांभाळणारे, आयआयटीच्याच सर्व्हरकडे बोट दाखवतात, आणि तो शेवटी आकडी पत्ता हातावर ठेवतो. ही सगळी विचारपूस पापणी लवायच्या आत होते. त्यात शेवटचा सोडला तर एकालाही पूर्ण उत्तर ठाऊक नसतं. पुढे कोणाला विचारायचं, एवढंच बाकीच्यांना माहीत असतं.

यातली एक गंमत सहसा कोणी सांगत नाही. 'इन' हा त्या पत्त्याचा शेवट नाही. त्याच्यापुढे आणखी एक टिंब असतं, फक्त ते आपण लिहीत नाही. त्या टिंबाच्या उजवीकडे काहीही नाही. ते 'काहीही नाही' हेच इंटरनेटच्या नावांचं मूळ आहे आणि त्याला म्हणतातही रूट. साऱ्या जगातल्या देशांची आणि कॉम, ऑर्ग यांसारख्या नावांची यादी त्या रिकाम्या नावाखाली एका फाइलमध्ये राहते. फाइलचा आकार दोन एमबीच्या आसपास, म्हणजे लग्नाच्या अल्बममधल्या एका फोटोएवढा. त्या फाइलमध्ये भारताच्या वाट्याला काही ओळी आलेल्या आहेत. त्या ओळी पुसल्या गेल्या, तर थोड्याच काळात 'इन'ने संपणारं एकही नाव कुणाला सापडणार नाही. इमारती जागेवर असतील, संगणक चालू असतील, पण छाटणाऱ्याकडे थैलीच नसेल.

पत्ता लहानाकडून मोठ्याकडे लिहायचा हेही आपोआप ठरलं नाही. ब्रिटनच्या विद्यापीठांच्या जाळ्यात बरीच वर्षं उलटी रीत होती: आधी यूके, मग एसी, मग केंब्रिज. बाकी जग डावीकडून बारीक होत असताना हे उजवीकडे बारीक होत होते. दोन्ही जाळी जोडली गेली तेव्हा मधल्या यंत्रांना पत्ता कुठल्या टोकाकडून वाचावा हे कळेना. त्यात चेकोस्लोव्हाकियाला 'सीएस' ही अक्षरं मिळाली आणि ब्रिटनमधल्या संगणकशास्त्र विभागांचे पत्तेही नेमके 'सीएस'नेच संपत. त्यामुळे विभागाची टपाल प्रागची समजली जाऊ लागली. शेवटी ब्रिटनने आपली रीत सोडली. रस्त्याची डावी बाजू मात्र त्यांनी अजून सोडलेली नाही.

नावांची ही उतरंड पॉल मोकापेट्रिस या संशोधकाने १९८३ साली मांडली. त्याआधी सगळ्या संगणकांची नावं एकाच यादीत होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती यादी सांभाळायचा. नवा संगणक जोडायचा तर त्यांना कळवायचं, मग त्या यादी सुधारायच्या आणि सगळ्यांनी ती पुन्हा उतरवून घ्यायची. शे-दोनशे संगणक होते तोवर हे चाललं. मोकापेट्रिसची युक्ती अशी की यादी फोडायची आणि ज्याचा तुकडा त्यानेच सांभाळायचा.

देशांचे तुकडे कोणाला द्यायचे, हे काम जॉन पोस्टेल यांच्याकडे आलं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संस्थेत काम करणारा, लांब दाढीचा, पायांत सँडल घालणारा हा माणूस. देश कशाला म्हणायचं हा प्रश्न किती पेटता आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं आणि तो स्वतःकडे घेतलाच नाही. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने देशांसाठी दोन अक्षरी संकेतांची एक यादी आधीच केलेली होती. पोस्टेल यांनी ती उचलली. यादीत असाल तर अक्षरं तुमची, नसाल तर आधी यादीवाल्यांशी भांडा. मला हा इंटरनेटच्या इतिहासातला सगळ्यात शहाणा आळस वाटतो.

अक्षरं ठरली तरी ती द्यायची कोणाच्या हातात? पोस्टेल यांनी १९९४ साली लिहून ठेवलेल्या नियमांत मालक हा शब्द टाळून विश्वस्त म्हटलेलं आहे. ही अक्षरं सांभाळणाऱ्याने ती आपल्या देशाच्या आणि जगभरच्या इंटरनेटच्या वतीने सांभाळायची. सुरुवातीच्या काळात हा विश्वस्त म्हणजे बहुतेक वेळा पोस्टेल यांच्या ओळखीतला किंवा ओळखीच्या ओळखीतला, मशीन चालू ठेवू शकणारा एखादा प्राध्यापक असे. करारमदार, मंत्रालय, निविदा यांचा पत्ता नव्हता. १९९८ च्या जानेवारीत पोस्टेल यांनी आठ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना एक ईमेल पाठवली: यापुढे मूळ यादी माझ्या यंत्रावरून घ्या. त्यांनी घेतली. अमेरिकन सरकारला घाम फुटला आणि काही दिवसांत सगळं पूर्ववत झालं. पोस्टेल म्हणाले, ती चाचणी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले. त्याच्या थोडं आधी स्थापन झालेल्या आयकॅन या संस्थेकडे त्यांचं काम गेलं.

आता आपल्या दोन अक्षरांकडे येऊ. 'इन'ची नोंद झाली ८ मे १९८९ रोजी. ती सांभाळायचं काम आलं मुंबईत, जुहूला.

जुहू म्हटलं की आपल्याला चौपाटी, भेळ आणि नटनट्यांचे बंगले आठवतात. त्याच जुहूत गुलमोहर रस्त्यांच्या जाळ्यात नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही संस्था होती. मूळची ती टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पोटातली. १९८५ साली ती वेगळी झाली आणि डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे संचालक झाले. त्याच सुमाराला केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अर्नेट हे संशोधन संस्थांचं जाळं विणायला घेतलं. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, खुद्द तो विभाग आणि ही एनसीएसटी होती. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनच्या तारेवरून ईमेल जायला लागली, तेव्हा देशातल्या बहुतेक घरांत फोनच नव्हता. सामान्य माणसाला विकत मिळणारं इंटरनेट यायचं होतं १५ ऑगस्ट १९९५ ला.

म्हणजे दुकान उघडण्याच्या सहा वर्षं आधी पाटी रंगवून तयार होती.

१९९२ साली जुहूहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला ६४ केबीपीएसची जोडणी मिळाली. आपल्या फोनमधला तीन एमबीचा एक फोटो त्या वाटेने पाठवायचा म्हटलं तर सहा मिनिटांहून जास्त वेळ लागला असता, आणि तेवढ्या वेळात त्या वाटेवरच्या बाकी सगळ्या संस्थांना हात बांधून बसावं लागलं असतं. त्या वाटेने देशातलं संशोधन जगाशी बोलत होतं. रमणी यांना पुढे, २०१४ साली, इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. जुहूला राहणाऱ्या माझ्या काही मित्रांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, 'कुठला बंगला?'

'इन'च्या नोंदीनंतरची पंधराएक वर्षं मात्र कंटाळवाणी आहेत. नियम इतके आवळून ठेवलेले होते की २००४ संपेपर्यंत 'इन'खाली अवघी सात हजारांच्या आसपास नावं नोंदली गेली. सॉफ्टवेअरसाठी जगभर नाव कमावलेल्या शंभर कोटींच्या देशात सात हजार! एखाद्या बऱ्या तालुक्यात याहून जास्त दुकानं असतील. भारतातल्या कंपन्या सरळ कॉमकडे गेल्या आणि कॉमच्याच राहिल्या.

कुलूप निघालं ते २००५ च्या सुरुवातीला. वही निक्सी या ना-नफा संस्थेकडे गेली. निक्सीचा जन्म दोन वर्षं आधी वेगळ्याच कामासाठी झाला होता. देशातल्या इंटरनेट कंपन्या आपापसांत जोडलेल्या नव्हत्या, त्यामुळे दादरहून परळला पाठवलेली ईमेलसुद्धा अमेरिकेला वळसा घालून येऊ शकायची. कंपन्यांनी देशातच एकमेकांना माल द्यावा-घ्यावा, यासाठी निक्सीने नाके उभारले. नव्या धोरणात नाव घ्यायला भारतीय असण्याची अट उरली नाही, मधलं 'को' गाळून थेट 'इन' घेता येऊ लागलं, आणि नावं खासगी विक्रेत्यांमार्फत मिळू लागली. आज ही संख्या चाळीस लाखांच्या पुढे आहे. दुसऱ्याचं गाजलेलं नाव आधीच अडवून बसणारेही त्याच रांगेतून आले. त्यांच्यासाठी लवादाची सोय करावी लागली.

परदेशी गिऱ्हाइकांना 'इन' आवडायचं एक कारण देशाशी संबंधितच नाही. इंग्रजीत तो एक चालता शब्द आहे. लिंक्डइनने आपल्या छोट्या दुव्यांसाठी भारताचीच अक्षरं वापरली आहेत. तुवालूला 'टीव्ही' ही अक्षरं मिळाली आणि त्या इवल्या बेटांच्या तिजोरीत त्यांचं भाडं जमा होऊ लागलं. आपलं तेवढं काही झालं नाही, पण फुकटची शेपटी आपल्यालाही मिळाली. आणि सोव्हिएत संघाची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. तो देश १९९१ साली नकाशावरून गेला, पण त्याची 'एसयू' ही अक्षरं आजही चालू आहेत.

निक्सीबद्दल एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. सात-बारा कोणाच्या नावावर आहे आणि तलाठ्याची लेखणी कोणाच्या हातात आहे, हे दोन वेगळे प्रश्न असतात. 'इन'चा सात-बारा निक्सीकडे. पण नोंदी ठेवणारी यंत्रणा चालवायचं काम ठेक्याने दिलं जातं. २००५ पासून ते अफिलियास या कंपनीकडे होतं, २०१९ च्या सुमारास न्यूस्टारकडे गेलं, न्यूस्टारचा तो विभाग पुढच्याच वर्षी गोडॅडीने विकत घेतला, आणि २०२४ मध्ये कॅनडाच्या टुकॉजची निवड झाली. एवढ्या वेळा वही एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि बहुतेकांना पत्ताही लागला नाही, हे चालवणाऱ्यांचं कौतुकच आहे. तरी सॉफ्टवेअरच्या या देशाने आपलीच वही लिहिण्यासाठी दर वेळी बाहेरचा कारकून बघावा, हे मला खटकतं.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो, तिच्याकडे येतो.

२७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' सुरू झालं. देवनागरीत लिहिलेलं. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि सिंधी अशा आठ भाषांसाठी. पुढे बंगाली, तमिळ, गुजराती, उर्दू अशा लिप्या धरून भारताला अशी पंधरा नावं मिळाली. दुसऱ्या कुठल्याही देशाकडे स्वतःचं नाव इतक्या रूपांत नाही.

पण इंटरनेटची नावं शोधणारी जुनी यंत्रणा देवनागरी जाणत नाही. तिच्या रूढ नियमात बसतात ती इंग्रजी अक्षरं, दहा अंक आणि एक आडवी रेघ. ती यंत्रणा बदलायची तर जगातले सगळे सर्व्हर बदलायला हवेत. मग ॲडम कॉस्टेलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेली एक युक्ती वापरली जाते. तिचं नाव प्युनिकोड. कुठल्याही लिपीतलं नाव त्या मोजक्या चिन्हांचा वेश घालून आत जातं. 'भारत'चा वेश असा: एक्स, एन, दोन आडव्या रेघा, आणि मग एच, दोन, बी, आर, जे, नऊ, सी. रूटच्या फाइलमध्ये हेच लिहिलेलं आहे. पहिल्या चार चिन्हांचा अर्थ एवढाच की पुढचं वेशांतर आहे. उरलेली सात बघताना मी एका संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

युनिकोडच्या जगभराच्या हजेरीपटात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. 'भारत' या शब्दात चार चिन्हं: भ, काना, र आणि त. त चा क्रमांक २३४०, भ चा २३४९, र चा २३५२ आणि कान्याचा २३६६. प्युनिकोड अक्षरं आपल्या क्रमाने लिहीत नाही. तो सगळ्यात लहान क्रमांकाचं अक्षर आधी मांडतो, आणि मग दर वेळी दोनच गोष्टी एका आकड्यात गुंफून सांगतो: पुढचं अक्षर किती क्रमांक पुढे आहे, आणि ते कुठे खुपसायचं.

मी उलगडत गेलो. पहिली तीन चिन्हं, एच, दोन, बी. त्यांतून निघतो २३४०. कागदावर आला त.

मग एकटा आर. तो म्हणतो: नऊ क्रमांक पुढे जा आणि ते अक्षर सगळ्यांच्या आधी ठेव. भत.

मग जे. तीन क्रमांक पुढे, आणि पहिल्या अक्षराच्या नंतर. भरत.

इथे मी पेन्सिल खाली ठेवली.

उरलेले नऊ आणि सी मिळून सांगतात: चौदा क्रमांक पुढे, तिथेच, भ च्या लगेच नंतर. तो काना. भारत.

जगातलं प्रत्येक यंत्र 'भारत' हे नाव उलगडताना आधी 'भरत' लिहितं आणि मग त्याला काना देतं. भरतावरून भारत, हे आपण आजीकडून ऐकलेलं. कॉस्टेलोंच्या सूत्राला दुष्यंत-शकुंतला कोण हे ठाऊक नाही. युनिकोडमध्ये काना व्यंजनांच्या नंतर येतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी लागतो, एवढंच त्यामागचं कारण. कारण कळल्यावरही माझं आश्चर्य काही कमी झालेलं नाही.

मराठी माणसाला या यंत्रणेत आणखी एक जागा जपावी लागली. आचार्यांना बोलावलं की शिकवणारे येतात आणि आचाऱ्यांना बोलावलं की स्वयंपाक करणारे. दर्या एकच असतो, दऱ्या अनेक. अर्ध्या र चं हे दुसरं रूप संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतं. एकात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. इंटरनेटच्या नावांच्या जुन्या नियमांत हे अदृश्य चिन्ह चक्क गळून जायचं. मग दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या दऱ्यांचा दर्या झाला असता. ऱ ला त्याचा स्वतःचा क्रमांक होता म्हणून त्या वाचल्या. अशा बारकाव्यांचे नियम बसवण्याचं काम भारतीय भाषांसाठी पुण्याच्या सी-डॅकमधल्या मंडळींनी केलं. जुहूची एनसीएसटी एव्हाना याच सी-डॅकमध्ये विलीन झालेली होती, हाही एक योग.

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांनी होणाऱ्या फसवणुकीची भीती देवनागरीतही आहेच. जुन्या छपाईत 'खाना' आणि 'रवाना' यांनी किती घोटाळे केले ते आपल्याला माहीत आहे. नंतर ख चे पाय जोडले गेले ते त्यासाठीच. पडद्यावर बारीक अक्षरांत ती गडबड अजून होऊ शकते.

इतकं करूनही डॉट भारत फारसं दिसत नाही. दोष नावाचा नाही. मी एका ठिकाणी ऑनलाइन अर्ज भरताना देवनागरी ईमेल पत्ता घातला, तर लाल अक्षरांत उत्तर आलं की योग्य पत्ता लिहा. ज्याने तो अर्ज बनवला त्याच्या डोक्यात योग्य पत्ता म्हणजे इंग्रजी अक्षरं, हे पक्कं बसलेलं. रूटने दार उघडून दहा वर्षं होऊन गेली, आतल्या खोल्यांची कड्या-कुलपं अजून तशीच आहेत.

शेवटी एक रोजच्या उपयोगाचं सांगतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं की देशातल्या बँकांनी आपली संकेतस्थळं 'बँक डॉट इन' या शेवटाखाली आणावीत, आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हे नाव बाजारात कुणालाही विकत मिळत नाही. ते देण्याचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेच्याच संस्थेकडे आहे. पण भामटे 'बँक डॉट इन' हे शब्द पत्त्याच्या मधे कुठेतरी घालतील आणि शेवट भलताच ठेवतील. म्हणून बँकेच्या नावाने दुवा आला तर पत्ता त्या टपाल छाटणाऱ्यासारखा वाचा. सुरुवातीच्या जोड तिरक्या रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत जा, तिथून उलटे फिरा, आणि आधी जिल्हा कोणता लिहिला आहे ते बघा.